ड्राइव्हवर होतं, मग गेलं कसं? ऑफिसचा डेटा हरवल्यावर काय करायचं आणि तो पुन्हा पुन्हा का हरवतो

लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांना हा फोन नवा नाही. मार्चएंडला किंवा जीएसटी रिटर्नची तारीख जवळ आली की तो हमखास येतो. ‘सकाळी टॅली उघडलं तर कंपनीच दिसेना. आधी घाबरलो नाही, डेटा ड्राइव्हवर होता ना! पण ड्राइव्ह उघडलं तर तिथेही फोल्डर रिकामं.’ कधी फोल्डर रिकामं नसतं, पण आतल्या फाइल्सची नावं ओळखू येत नाहीत. कधी सगळं जागच्या जागी दिसतं आणि टॅली मात्र डेटा खराब झालाय म्हणत राहतं. आणि कधी फाइल्स अगदी धडधाकट असतात, फक्त मागच्या दिवाळीतल्या असतात.

मग मालकांचा प्रश्न येतो, ‘क्लाउडला दर महिन्याला पैसे भरतो, मग बॅकअप गेला कुठे?’ उत्तर कडू आहे. बॅकअप घेतलाच नव्हता. क्लाउडवर जागा घेतली होती, ऑफिसचं फोल्डर तिथे सिंकला लावलं होतं आणि त्यालाच सगळे बॅकअप म्हणत होते. या दोन गोष्टी वेगळ्या कशा ते पुढे येईलच. पण ज्यांचा डेटा आत्ता, या घडीला गेलेला आहे त्यांनी लगेच खालचा भाग वाचावा, कारण त्यातल्या काही उपायांना मुदत आहे.

आत्ता गेला असेल तर

सगळ्यात आधी सिंक थांबवा. गूगल ड्राइव्ह असो, वनड्राइव्ह असो की ड्रॉपबॉक्स, घड्याळाशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सिंक ‘पॉज’ करा आणि हे ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर करा. अ‍ॅप अनइन्स्टॉल करू नका, साइन आउटही करू नका. त्या फोल्डरमध्ये नवी एंट्री करायला तर कुणाला बसूच देऊ नका.

फाइल्सचं एक्स्टेन्शन बदललेलं दिसत असेल आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एखादी टेक्स्ट फाइल पडली असेल तर हा रॅन्समवेअर आहे. मग पॉजवर भागत नाही. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. आणि मदतीच्या घाईत कुणीही बॅकअपची हार्ड डिस्क त्या मशीनला जोडू नये. जोडली की तीही जाते, आणि मग खरोखरच काही उरत नाही. लॉक झालेल्या फाइल्स पुसू नका, मशीन लगेच फॉरमॅट करू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. आपल्या नशिबात ती आहे का ते बघायला लॉक झालेल्या एक-दोन फाइल्स लागतात. आपल्याकडे अशा घटनेची माहिती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांच्या आत कळवायची असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे, तेही विसरू नका.

आता ऑफिसात एखादा असा कॉम्प्युटर शोधा, जो ही घटना घडायच्या आधीपासून बंद आहे. रजेवर गेलेल्या कुणाचा लॅपटॉप, गोडाऊनमधला जुना पीसी, मालकांच्या घरचं मशीन, काहीही. तिथपर्यंत सिंक पोचलेलंच नसतं, म्हणून त्यावर परवाची प्रत जशीच्या तशी बसलेली असू शकते. पण तो चालू करायच्या आधी राउटर बंद करा. नेट मिळालं की सिंक तिथलंही पुसायला घेईल. नेटशिवाय चालू करून फोल्डर बाहेर कॉपी करा, बाकी सगळं नंतर.

दुसरा फोन सीएंच्या ऑफिसात. मागच्या रिटर्नच्या किंवा ऑडिटच्या वेळी त्यांच्याकडे डेटा गेला असेल तर तो अजून तिथे असेल. दोन महिने जुना का असेना, तेवढ्यापासून पुढच्या एंट्र्या बिलांवरून मारणं आणि शून्यापासून सुरुवात करणं यांत अंतर फार मोठं आहे.

मग एखाद्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून ड्राइव्ह ब्राउझरमध्ये उघडा आणि ट्रॅश बघा. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. घरगुती वनड्राइव्हलाही ३० दिवसच मिळतात. कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यात मात्र ९३ दिवस मिळतात. ड्रॉपबॉक्सला प्लॅननुसार ३० दिवसांपासून वर्षभरापर्यंत. गूगलचं वर्कस्पेस, म्हणजे कंपन्यांसाठीचं, खातं असेल तर ट्रॅश रिकामा झाल्यावरही अ‍ॅडमिनला आणखी २५ दिवस डेटा परत आणता येतो. ही सोय पुष्कळ मालकांना ठाऊकच नसते, कारण वर्कस्पेस ज्याने लावून दिलं तोच अ‍ॅडमिन असतो आणि त्याचा नंबर आता कुणाकडे नसतो.

शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल आपल्या ट्रॅशमध्ये दिसली नाही तर लगेच हाय खाऊ नका. फाइलची मालकी ज्या खात्याकडे आहे, त्या खात्याचा ट्रॅश बघा. दुसऱ्या कुणी ती फोल्डरमधून नुसती काढून टाकली असेल तर ती मालकाच्या खात्यात कुठेतरी बिनफोल्डरची पडलेली असते आणि नावाने शोधली तर सापडते.

फाइल्स पुसलेल्या नाहीत पण बिघडल्या आहेत, असं असेल तर जुन्या आवृत्त्यांकडे जावं लागतं. वनड्राइव्हवर यासाठी सगळ्यात सोपी सोय आहे. ‘रिस्टोअर युवर वनड्राइव्ह’मध्ये मागच्या ३० दिवसांतली एखादी वेळ निवडायची आणि अख्खं ड्राइव्ह तिथपर्यंत मागे न्यायचं. घरगुती खात्याला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं. गूगल ड्राइव्हवर हे काम एकेका फाइलवर उजवं क्लिक करत करावं लागायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलनेही रॅन्समवेअर ओळखून सिंक थांबवण्याची आणि एकदम बऱ्याच फाइल्स मागे नेण्याची सोय जाहीर केली, आपल्या प्लॅनमध्ये ती आहे का ते बघून घ्या. टॅलीसारख्या फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या गूगल ड्राइव्ह ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या यांतलं जे आधी संपेल तोवरच धरून ठेवतं. दिवसभर एंट्र्या होणाऱ्या फाइलच्या १०० आवृत्त्या किती दिवसांत संपतील याचा अंदाज तुम्हीच करा.

टॅलीच्या बाबतीत आणखी एक पेच. एका कंपनीचा डेटा म्हणजे एक फाइल नसते. आकड्याचं नाव असलेल्या फोल्डरमध्ये पुष्कळ फाइल्स असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून असतात. एक सोमवारी दुपारची आणि दुसरी मंगळवारी सकाळची अशी आणली तर टॅली उघडणार नाही, किंवा उघडेल आणि ताळेबंद भलताच दाखवेल. सगळ्या फाइल्स एकाच क्षणाच्या हव्यात. तशा मिळत नसतील तर वेळ न घालवता टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपची एखादी जुनी फाइल कुठे पडली आहे का ते शोधा.

मुळात झालं काय

बिलबुकातलं वरचं बिल फाडून टाकलं तरी खालची कार्बन कॉपी राहते. सिंकचं तसं नाही. तुमच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर, क्लाउडवरचं फोल्डर आणि बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरवरची फोल्डरं कायम एकसारखी ठेवणं हे त्याचं काम. एका ठिकाणी फाइल पुसली की बाकीच्या ठिकाणी पुसणं हा त्यातला बिघाड नाही, त्याची नेमणूकच त्यासाठी आहे. नव्या ऑपरेटरने ‘हे फोल्डर नकोय’ म्हणून डिलीट केलं की ते दुसऱ्या शाखेतूनही जातं. रॅन्समवेअरने फाइल लॉक केली की सिंकच्या दृष्टीने ती नुसती बदललेली फाइल असते, म्हणून लॉक झालेली फाइल वर चढते आणि तिथून सगळीकडे उतरते.

म्हणून आपल्याकडे बॅकअप आहे की नाही हे ठरवायला एकच प्रश्न विचारायचा: मूळ फाइलचं जे होईल ते या प्रतीचंही आपोआप होतं का? होत असेल तर तो बॅकअप नाही, मग ती प्रत अमेरिकेत असो की शेजारच्या टेबलावर. या प्रश्नाला लावून बघितलं तर पुष्कळ गोष्टी गळतात. नेटवर्कवर ठेवलेली, दोन डिस्कवर एकसारखा डेटा लिहिणारी रेडवाली नास पेटी डिस्क जळण्यापासून वाचवते, पुसण्यापासून नाही. कायम यूएसबीला लावून ठेवलेली हार्ड डिस्क रॅन्समवेअरला मूळ ड्राइव्हइतकीच जवळ असते. आणि रोज रात्री रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करणारी कमांड चालवणारी बॅच फाइल, जी कुणीतरी इंटरनेटवरून उचललेली असते आणि जिच्यात ‘एमआयआर’ हा स्विच असतो? तो स्विच मूळ जागेवर नसलेली प्रत्येक गोष्ट बॅकअपमधूनही पुसतो. संध्याकाळी चुकून डिलीट, रात्री बारा वाजता बॅकअप साफ. ऑफिसात अशी बॅच फाइल असेल तर आजच उघडून बघा.

क्लाउडवरची जागा निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. सेल्सवाल्याला रस्त्यावरून कोटेशन उघडायचंय, दोघांना एकाच शीटवर काम करायचंय, लॅपटॉप चोरीला गेला तरी काम चालू राहायला हवंय, या सगळ्याला तिच्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. तिने फक्त आजचा डेटा हाताशी ठेवायचा. कालचा, मागच्या महिन्याचा डेटा परत आणणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळी व्यवस्था लागते.

टॅलीचं डेटा फोल्डर थेट सिंकमध्ये ठेवण्याबद्दल तर माझं मत ठाम आहे: ठेवू नका. टॅली चालू असताना त्या फाइल्स सतत लिहिल्या जात असतात आणि सिंकवालं अ‍ॅप त्याच वेळी त्या उचलायला बघतं. काही फाइल्स लॉक म्हणून सुटतात, काही अर्धवट क्षणी उचलल्या जातात. त्यातून ‘ऑफिसात एक आणि घरी एक’ असं दोन ठिकाणी तेच फोल्डर उघडलं की संपलंच. दोन्हीकडे बदल झाले की सिंकला कळत नाही खरं कोणतं. ड्रॉपबॉक्स मग ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं लिहून वेगळी फाइल बनवतं, वनड्राइव्ह नावापुढे कॉम्प्युटरचं नाव चिकटवतं. टॅलीला त्या नावाच्या फाइल्स ओळखीच्या नाहीत. घरून काम करायचं असेल तर ऑफिसच्या मशीनवर रिमोटने जा किंवा टॅली क्लाउड सर्व्हरवर घ्या. फोल्डर सिंक करून दोन ठिकाणी टॅली चालवणं ही फुकटची सोय शेवटी फार महाग पडते. एसक्यूएलवर चालणारी बिलिंग सॉफ्टवेअर आणि आउटलुकच्या पीएसटी फाइल्सनाही हेच लागू आहे.

‘मागच्या दिवाळीतल्या फाइल्स’ हा प्रकार साधा आहे, पण तोच मला सगळ्यात धोकादायक वाटतो. गूगलच्या फुकट खात्याची १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो अशा तिघांत वाटलेली असते. ऑफिसच्या खात्यावर कुणाच्या तरी मोबाइलचे लग्नाचे व्हिडिओ चढतात, जागा भरते आणि सिंक थांबतं. कोपऱ्यातलं चिन्ह लाल होतं, पण त्याकडे कोण बघतंय? महिनोन्महिने वर काहीच जात नाही आणि सगळे निर्धास्त असतात.

क्लाउड कंपन्या स्वतः बॅकअप घेत नाहीत का?

त्या एकाच डेटाच्या अनेक प्रती ठेवतात, पण त्यांची डिस्क गेली, त्यांचा सर्व्हर गेला तर काम थांबू नये म्हणून. तुम्ही पुसलेलं त्या प्रतींतूनही पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या सेवा करारातच लिहिलेलं आहे की तुमच्या डेटाचा बॅकअप तुम्ही नियमित घ्यावा अशी शिफारस आहे. करार वाचतो कोण, हा भाग वेगळा.

आणि कधी कधी चूक त्यांच्याकडेही होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत दोष निघाला आणि काही जणांच्या सिंक न झालेल्या फाइल्स दिसेनाशा झाल्या. फाइल्स परत मिळवण्याची सोय असलेली नवी आवृत्ती डिसेंबरात आली. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत खाक झाली आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला. दक्षिण कोरियात तर सरकारचीच गोष्ट आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि अधिकाऱ्यांच्या कामाच्या फाइल्स ठेवणारं जी-ड्राइव्ह, ८५८ टेराबाइट डेटासह, जळून गेलं. बाहेर दुसरी प्रत नव्हती. कारण काय दिलं गेलं? डेटा फार मोठा होता.

यातून सावरलेल्यांचंही उदाहरण आहे. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या निवृत्तिवेतन संस्थेचं गूगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड सेटिंगमधल्या चुकीमुळे उडालं. तिथे ६ लाखांहून अधिक सभासदांचे पैसे आहेत. त्यातला डेटा दोन ठिकाणी ठेवलेला होता, पण दोन्ही त्याच खासगी क्लाउडखाली असल्यामुळे दोन्ही गेले. सेवा पूर्वपदावर यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला, पण आल्या, कारण त्यांनी आणखी एका वेगळ्या कंपनीकडे बॅकअप ठेवला होता.

आपल्याकडे आगीपेक्षा पाणी जास्त आठवतं. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत. दुकानातला कॉम्प्युटर आणि त्याच्या खालच्या ड्रॉवरमधली बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकाच पुरात. अशा वेळी क्लाउडवरच्या प्रतीचं मोल कळतं, त्यामुळे क्लाउड सोडा असं सांगणारा सल्ला मी देणार नाही.

मग घडी बसवायची कशी

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक जागेबाहेर. हा ३-२-१ नियम पीटर क्रोघ या फोटोग्राफरने लोकप्रिय केला आणि लहान ऑफिसाला तो आजही पुरतो. टॅलीवाल्या ऑफिसात मी तो असा बसवतो.

टॅलीचा चालू डेटा सिंकच्या बाहेर, मुख्य मशीनवर एका साध्या फोल्डरमध्ये. रोज काम संपल्यावर ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्यायचा, आणि तो दर वेळी त्या तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये. कालच्यावर आजचा लिहायचा नाही. आज डेटा बिघडलेला असेल आणि तो कालच्या चांगल्या बॅकअपवर लिहिला गेला तर बॅकअप घेऊन आपणच नुकसान केलं असं होतं. हे तारखांचं फोल्डर क्लाउडवर जायला हरकत नाही, कारण त्यातल्या फाइल्स बंद आणि पूर्ण असतात. पण तिथेही सिंक नको, बॅकअपचं सॉफ्टवेअर हवं, जे फक्त वर चढवतं, जुन्या आवृत्त्या धरून ठेवतं आणि इथे पुसलं म्हणून तिथे लगेच पुसत नाही. डुप्लिकाटी फुकट आहे, वीमचा विंडोजसाठीचा एजंटही लहान वापराला फुकट मिळतो. पैसे भरून घ्यायचं तर बाजारात पुष्कळ आहेत. विकणाऱ्याला फक्त विचारा, जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात आणि इथला अ‍ॅडमिन पासवर्ड चोरीला गेला तर चोराला बॅकअप पुसता येईल का?

हा दुसरा प्रश्न गमतीचा नाही. कोड स्पेसेस नावाची कंपनी जून २०१४ मध्ये याच कारणाने बंद पडली. हल्लेखोराच्या हाती त्यांच्या अ‍ॅमेझॉन क्लाउडचा ताबा आला. डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच खात्यात होते आणि त्याने दोन्ही पुसले. म्हणून बॅकअपचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू, आणि तो पासवर्ड टॅलीच्या मशीनवरच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला नको. ऑब्जेक्ट लॉकची सोय असलेलं स्टोरेज घेतलं आणि ते लॉक ‘कंप्लायन्स’ प्रकारचं लावलं तर ठरवलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच, अगदी तुम्हालाही, तो डेटा पुसता येत नाही. जरा खर्च वाढतो, पण रॅन्समवेअरवर याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही मला माहीत नाही.

तिसरी प्रत हार्ड डिस्कवर. दोन डिस्क घ्या, एक या आठवड्याला, दुसरी पुढच्या. कॉपी झाली की काढायची, आणि एक कायम ऑफिसच्या बाहेर, मालकांच्या घरी.

जुने बॅकअप किती ठेवायचे? रोजचे महिनाभर, महिन्याचा एक वर्षभर, आणि ३१ मार्चचा प्रत्येक वर्षाचा बंद करून. जीएसटी कायद्याखाली हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, कंपनी कायद्याखाली ८ आर्थिक वर्षं. कुणी महिनोन्महिने हळूच बिलं बदलत असेल तर तेही जुना बॅकअप शेजारी ठेवूनच पकडता येतं.

प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांसाठी हा प्रश्न निव्वळ सावधगिरीचा राहिलेला नाही. कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक झालं. आधी तिथे ‘ठरावीक काळाने’ असं होतं. म्हणजे बॅकअपचं खातं उघडताना डेटा ठेवायचा प्रदेश (रीजन) भारतातला निवडा. अ‍ॅमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टची पुणे आणि चेन्नईला, गूगलची मुंबई आणि दिल्लीला.

टॅलीचा बॅकअप लहान असतो, तो चटकन वर जातो. ड्रॉइंग, फोटो, स्कॅन केलेले कागद यांचं तसं नाही. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला न थांबता ५५ तासांच्या वर लागतात. १०० एमबीपीएसने उतरवायलाही ११ तास. ‘क्लाउडवरून तासाभरात परत आणू’ असं कुणी म्हणत असेल तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा. मोठ्या डेटासाठी जवळची हार्ड डिस्कच आधी कामाला येते.

दोन सापळे सांगून ठेवतो. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह जागा वाचवायला फाइल्स ‘ऑनलाइन ओन्ली’ करतं. एक्सप्लोररमध्ये नाव दिसतं, पण फाइल डिस्कवर नसते. अशा फोल्डरचा बॅकअप घेतला तर सॉफ्टवेअरनुसार फाइल्स वगळल्या जाऊ शकतात. दुसरा सापळा गूगल डॉक्स आणि शीट्सचा. ड्राइव्हचं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी केलं की शीटच्या नावाची एक-दोन केबीची फाइल येते. ती शीट नव्हे, नुसती लिंक आहे. खरा मजकूर हवा तर गूगलच्या ‘टेकआउट’ या डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून किंवा डाउनलोड करून एक्सेलमध्ये घ्यावा लागतो.

परत आणून बघितल्याशिवाय तो बॅकअप नव्हे

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे एक-दोन नाही, पाच तऱ्हेच्या बॅकअपची व्यवस्था होती आणि ऐन वेळी त्यातली एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने केव्हापासून फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीने, त्यांना वाचवलं, सहा तासांचा डेटा मात्र गेला. इंजिनिअरांनी भरलेल्या कंपनीचं हे, तर आपल्या ऑफिसातल्या हिरव्या टिकमार्कवर किती विसंबायचं ते तुम्हीच बघा.

टॅलीत तपासणी सोपी आहे. दुसऱ्या मशीनवर, किंवा निदान दुसऱ्या रिकाम्या फोल्डरमध्ये, बॅकअप रिस्टोअर करा. चालू डेटाच्या फोल्डरवर कधीही नाही, तिथे केलं तर चालू कंपनी जुन्या डेटाने पुसली जाते. मग ट्रायल बॅलन्स काढा, बँकेची शिल्लक बघा, शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि तारीख जुळवा. अर्धा तास लागतो. प्रत्येक तिमाहीला एकदा करा, आणि ज्याने बॅकअप लावला त्याच्याऐवजी अकाउंटंटला करायला लावा. त्याला जमलं नाही तर सूचना नीट लिहिलेल्या नाहीत असा अर्थ.

खातं कुणाच्या नावावर आहे?

ऑफिसचा डेटा एखाद्या ऑपरेटरच्या वैयक्तिक जीमेलवर असणं हा प्रकार इतका सर्रास आहे की त्याबद्दल कुणाला वावगंही वाटत नाही. तो नोकरी सोडतो, काही महिन्यांनी स्वतःची जागा रिकामी करायला ड्राइव्ह साफ करतो, आणि इथे फोल्डर गायब. त्याने वाईट हेतूने काही केलेलं नसतं, खातं त्याचंच होतं. कंपनीच्या खात्यातही वेगळी खोड आहे. माणूस गेला की लायसन्सचे पैसे वाचवायला अ‍ॅडमिन त्याचं खातं डिलीट करतो. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टकडे डिलीट झालेल्या माणसाचं वनड्राइव्ह मुळात ३० दिवस राहतं, त्यानंतर ९३ दिवस फक्त अ‍ॅडमिनला ते परत आणता येतं, पुढे काही नाही. वर्कस्पेसमध्ये खातं डिलीट करताना त्याच्या फाइल्स कुणाच्या नावे करायच्या हे विचारलं जातं. तिथे मालकांचं किंवा अकाउंट्सचं खातं निवडा, फाइल्स तिकडे आल्याची खात्री करा, त्यांचा एक बॅकअप घ्या आणि मगच लायसन्स बंद करा.